गाडी चालू आहे तोवर

सारा जन्म एसटीत कंडक्टरी करण्यात गेल्यामुळे माणसाची पारख मी तो गाडीत चढतो कसा यावरून करतो. काही जण आधी पिशवी आत फेकतात आणि मग स्वतः येतात. काही जण पाटी डोळ्यांसमोर असताना दारात अडून "ही जाते का हो?" विचारतात. कुंदा सिस्टर चढायच्या त्या बाकी सगळ्यांना चढवून. पोटुशी बाई, काठीवाला म्हातारा, कोंबडीची टोपली, सगळं आत गेलं की मग स्वतः. आणि बसायला जागा मिळाली नाही तर माझ्याकडे असं बघायच्या की जणू गाडी मीच लहान बांधून घेतली आहे.

त्या आमच्या आरोग्य केंद्रात नर्स होत्या. माहेर-सासर दोन्ही म्हसळ्याकडचं, डोंगराच्या पोटातलं, भातशेतीवाल्या कुणब्यांचं. नवरा मुंबईला कंपनीत होता, तो लवकर गेला. एकुलत्या निलेशला त्यांनी एकटीने वाढवलं, शिकवलं, खारघरला चिकटवलं आणि निवृत्त झाल्यावर आमच्याच गावात राहिल्या. आमचं गाव दिवेआगरहून दिघीकडे जाताना लागतं. त्यांचं घर माझ्या सुपारीच्या वाडीला लागून. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. लग्नपत्रिकेवरसुद्धा 'श्रीमती सिस्टर' असंच लिहून यायचं, आणि त्या ती पत्रिका घेऊन लग्नाला जायच्या.

बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, नेसलेलं पातळ टाचेच्या वीतभर वर आणि पायात कॅनव्हासचे बूट. चहा बिनसाखरेचा, आणि आपण साखरेचा घेतला तर तो कडू होईल असं बोलून. त्यांचं एक वाक्य सगळ्या पंचक्रोशीला पाठ होतं. "आधी हात लावून बघ, मग घाबर." ताप असो, फुरसं चावलेलं असो की भांडण. वादळ झालं त्या सकाळी माझ्या वाडीतली जुनी माडाची झाडं घरावर आडवी झाली होती आणि मी अंगणात उभा राहून ओरडत होतो. सिस्टर खोडांवरून पाय टाकत आल्या.

"कोन मेला?"

"कोणी नाही."

"मग आरडतोस कशाला, दिनू? कोयती आन."

त्या वादळात रस्ते बंद, वीज बंद, फोन बंद. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निलेश ताडपत्र्या आणि मेणबत्त्या घेऊन कसाबसा पोचला तो त्याच्या हायब्रिड गाडीतून. आईला काही झालं असतं तर हलवायला दारात वाहन नव्हतं, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. पुढे त्याने नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी आईच्या दारात आणून लावली. त्याची कल्पना अशी की गाडी दारात राहील आणि वेळेला कोणीतरी चालवेल. 'कोणीतरी' हा माणूस सिस्टरांना कधी पटलाच नाही. साठी उलटलेली असताना त्यांनी लायसन काढलं.

सराव केला किनाऱ्यावर. आमच्याकडे सगळे तिथेच शिकतात. ओहोटीला वाळू घट्ट होते, समोर आडवं येणारं कोणी नसतं, आणि आलाच तर समुद्र. मी शेजारी बसायचो. मला स्वतःला गाडी येत नाही, पण बाजूला बसून 'चला' आणि 'थांबा' म्हणण्याचा अनुभव दांडगा. खारं पाणी चाकांवरून उडायचं आणि आम्ही दोघं खूश. गाडीच्या पोटाला मीठ लागतंय हे दोघांनाही सुचलं नाही.

त्या गाडीचं एक विशेष होतं. पेट्रोलही होतं आणि बॅटरीही होती, आणि हळू चालताना ती बॅटरीवर चालायची, अजिबात आवाज न करता. सुरुवातीला सिस्टरांना ती चालू झाली हेच कळत नसे, त्या पुन्हा बटण दाबून बंद करायच्या. मग गावाला त्रास सुरू झाला. आमच्या वाड्यांमधल्या गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. म्हातारी माणसं रमतगमत चालायची आणि एकदम पाठीशी गाडी. दोघा-तिघांनी तर सरळ देवाचं नाव घेतलं. शेवटी सिस्टरांनी माझ्या माळ्यावरची बैलांची घुंगरमाळ मागून नेली आणि पुढच्या बंपरला बांधली. तेव्हापासून लाखांच्या घरातली जपानी गाडी छुम छुम करत यायची आणि माणसं गडग्याला सरकून उभी राहायची.

ती गाडी त्यांची एकटीची कधी नव्हती. बाळंतीण, विंचू चावलेला, नारळ काढताना पडलेला पाडेली, सगळे तीतून गेले. जाताना आजारी माणूस आणि येताना वाण्याचं सामान. आमच्या सगळ्या वाडीची सुपारी बाजारात जायची तीही त्याच गाडीतून, मागच्या सीटवर गोणी रचून. माझ्याही गोणी असायच्या.

एका पावसाळ्यात सिस्टर तापाने पडल्या. निलेश आला, पडवीत बसला आणि म्हणाला, "आई, आता पुरे. चल खारघरला."

"कशाला?"

"एकटी राहतेस. उद्या काही झालं तर?"

"गाडी हाय."

"ती जुनी झाली आता. बंद पडली तर?"

सिस्टर अंगात ताप असताना बोलल्या, "बंद पडंल तवा येईन."

निलेशने तो शब्द वरच्यावर झेलला. नवी गाडी घ्यायची नाही, हेही वदवून घेतलं. बॅटरीचं आयुष्य संपत आलंय हे त्याला माहीत होतं. त्याने तसा हिशेब करूनच हात पुढे केला असावा, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आईची काळजी करणाऱ्या मुलाला लबाडी माफ असते. पण सिस्टरांचं सगळं आयुष्य त्या पडवीत होतं. दारातून जाणारा माणूस थांबून जीभ दाखवायचा, पोराची गाठ दाखवायचा, सुनेचं गाऱ्हाणं सांगायचा. खारघरला चौदाव्या मजल्यावर त्यांना कोण जीभ दाखवणार होतं?

त्यानंतर वर्ष गेलं असेल. म्हसळ्याची घाटी चढताना गाडीच्या काचेखाली लाल त्रिकोण पेटला आणि गाडी रडतखडत वर पोचली. तशीच हळूहळू पनवेलला नेली. तिथल्या वर्कशॉपमधला मुलगा चांगला होता. त्याने संगणक लावला, सिस्टरांना खुर्ची दिली आणि सांगितलं, "आजी, बॅटरी गेली. नवीन बसवण्यात अर्थ नाही. सोडून द्या तिला आता."

सिस्टर म्हणाल्या, "तू उघडून बघितलंस का?"

"मशीन सांगतं, आजी."

"मशीनने हात लावला का?"

पोरगा हसला. सिस्टर उठल्या. ती गाडी त्यांनी टेम्पोवर चढवून गावी आणली आणि मुनाफच्या दारात उतरवली.

मुनाफ मूळ बोर्लीचा, दुकान आमच्या गावात. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. गाडी बघून त्याने दोन्ही हात मागे बांधले.

"सिस्टर, डिझेलचं इंजिन असंल तर समुद्राच्या तळाला जाऊन चालू करीन. ही बया इजेवर चालते. त्या नारिंगी वायरींना बोट लागलं तर माझ्या घरी बिर्याणी नाय, मयताचा फातिहा होईल."

"मुनाफ, तुझ्या थोरल्याच्या वेळेस पोर आडवं व्हतं. डॉक्टर रजेवर. मी काय बोलले व्हते?"

मुनाफ खाली बघत म्हणाला, "हात लावून बघू."

"मग?"

मग काय, मुंब्र्याला मुनाफचा मेहुणा अशाच बॅटऱ्यांचं काम करायचा, त्याला बोलावणं गेलं. तो रबरी हातमोजे आणि लाकडी दांड्यांची हत्यारं घेऊन आला, आणि आम्हा सगळ्यांना लांब उभं करून त्याने मागची सीट काढली. सीटच्या बाजूला एक जाळी होती. तिच्यामागे बॅटरीला वारा घालणारा पंखा. मेहुण्याने तो पंखा बाहेर काढला तेव्हा पंखा दिसतच नव्हता. सुपारीच्या सालीचे तंतू, नारळाचा काथ्या आणि गोणींचा भुसा, असा एक गोळाच होता तो.

"ये जाली पे क्या रखते थे?" त्याने विचारलं.

आम्ही सगळे वाडीवाले तिथेच उभे होतो. मुंबईच्या माणसाने गाडी धडकवून मारली असती, घाटावरच्याने खड्ड्यात घालून. सुपारीखाली गुदमरून मारायची अक्कल फक्त आमची.

थोडे सेल खरोखरच मेले होते. ते मेहुण्याने भंगारातल्या दुसऱ्या गाडीचे आणून घातले. सेलना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या मात्र खाऱ्या वाऱ्याने हिरव्यागार झाल्या होत्या. तो म्हणाला, याला केमिकल लागतं, मुंब्र्याहून मागवतो. सिस्टरांनी एक पट्टी हातात घेऊन फिरवली.

"तांबंच हाय ना हे?"

"हां."

"मग केमिकल कशाला? दिनू, मालतीला सांग, आमसुलं घेऊन ये."

मालती म्हणजे माझी बायको. ती आली, तिच्या मागून आणखी चार जणी आल्या. विहिरीपाशी पाट मांडून बायकांनी त्या पट्ट्या आमसुलाच्या पाण्यात भिजवल्या आणि देवाची ताम्हनं घासावीत तशा घासल्या. घासता घासता त्यांतल्या एकीने स्वतःची पळी-पंचपात्रीही आणली, हात चालू आहेच तर म्हणून. मग पट्ट्या स्वच्छ पाण्याने धुतल्या, पुसल्या आणि खळ्यात सुपारी वाळत होती तिच्या कडेला उन्हात वाळत घातल्या. मेहुणा त्या राखत बसला होता, कोंबड्या हाकत.

गाडी चालू झाली. म्हणजे आवाज आला नाही, पण लाल त्रिकोण गेला. जाताना मेहुणा स्पष्ट बोलून गेला, "साल, दो साल. उसके आगे मैं कुछ नहीं बोलता." सिस्टरांनी त्याला नारळ दिला. त्या दिवसापासून मागच्या सीटवर गोण ठेवणाऱ्याची त्या चारचौघांत लाज काढायच्या. पावसाळ्यात गाडीच्या पोटाला तेलाचा हात आणि उन्हाळ्यात किनाऱ्याकडे पाठ. हरिहरेश्वरला देवाला गेल्या तरी गाडी वरच लावून उतरणीने चालत जायच्या.

शिमग्याला निलेश आला. आईला शेजारी बसवून त्याने गाडी स्वतः हाणली, घाटीला मुद्दाम जोरात पाय दिला. परत आला आणि पडवीत बसून बूट काढायला लागला.

सिस्टर म्हणाल्या, "काय?"

"चालते."

"मग?"

"मग काय, जेवायला वाढ."

मला वाटलं, जिंकलं. पण हार कुठून येईल ते आपल्याला कुठे कळतं?

पुढच्या थंडीत सिस्टर आणि मी मुरूडला एका बारशाला निघालो होतो. दिघीहून पलीकडे आगरदांड्याला फेरीबोट जाते, तीवर गाडी चढवायची. खलाशाने हात वर केला की थांबायचं. त्याने हात वर केला. गाडी थांबली नाही. थांबली, पण पुढच्या मोटारसायकलच्या चाकाला टेकून. मोटारसायकल डुगडुगली आणि पडली नाही. खलाशी हसून म्हणाला, "सिस्टर, आज घाई काय?" मीही हसलो. सिस्टर हसल्या नाहीत. त्या मान वाकवून खाली स्वतःच्या पायाकडे बघत होत्या.

गाडी त्यांनी तिथेच बंद केली. पलीकडे ती खलाशाने उतरवली, आणि संध्याकाळी घरी मुनाफने आणली. त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पडवीत बोलावलं. बूट काढून उजवा पाय स्टुलावर ठेवला होता. माझ्या हातात खराट्याची एक हीर दिली.

"मी डोळे मिटते. तू हीर टेकव. कुठं लागलं ते मी सांगते."

हा खेळ मी पाहिलेला होता. साखरेच्या पेशंटांची अशीच तपासणी त्या करायच्या. मी हीर अंगठ्याला टेकवली. त्या गप्प. शेजारच्या बोटाला टेकवली. गप्प. तळव्याला जरा दाबूनच धरली.

"टेकव की रे. किती वेळ?"

मी हीर तशीच धरून राहिलो. सिस्टरांनी डोळे उघडले. हीर तळव्यात रुतून वाकली होती. त्यांनी ती बघितली, माझ्या हातातून काढून घेतली आणि खराट्यात परत खोचून ठेवली. मला रडू आलं, साफ सांगतो.

"रडायचं काय त्यात? ह्या पायाने मानूस मारला असता, तर रडायचं व्हतं."

मी डोळे पुसत म्हणालो, "निलेशला कशाला कळवायचं? गावातल्या गावात हळू..."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जागा मिळाली नाही की बघायच्या तसं. आणि माझ्यासमोरच फोन लावला.

"निलेश, माझा उजवा पाय गेलाय. ब्रेक कळत न्हाय. आजपासनं गाडी मी चालवनार न्हाय."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "आई, मग ठरल्याप्रमाणे..."

"ठरलं काय व्हतं? गाडी बंद पडंल तवा. गाडी चालू हाय."

"आई, ही वकिली झाली."

"व्हय, झाली," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून ती सोडते. ऐक. शिमग्यापर्यंत येळ दे. चालवनारं मानूस तयार झालं न्हाय, तर मी सोता बोचकं बांधून खारघरला येईन. कोनी आनायला यायला नको."

माणूस त्यांनी हेरून ठेवलेलं होतं. सुरेखा, आमची अंगणवाडी सेविका. स्कूटर झकास चालवायची, पण चारचाकीला घाबरायची. सिस्टर म्हणाल्या, स्कूटरवरनं पोषण आहाराची पोती नेतेस ती काय कमी धोक्याची? या वेळी किनारा बंद, शिकायचं रस्त्यावर. सिस्टर डाव्या सीटवर, मी मागे. शिकवणं म्हणजे ओरडणं, असा सिस्टरांचा समज होता. "वळव! आगो वळव! बगते काय, गडगा काय आपनहून सरकनार हाय?"

एक दिवस घाटीच्या ऐन वळणावर सुरेखाने गाडी थांबवली, दार उघडलं आणि चालायला लागली. रडत रडत, पदराने नाक पुसत, सरळ गावाच्या दिशेने. मागे ट्रक, त्यामागे एसटी. हॉर्न सुरू झाले. ड्रायव्हरची सीट रिकामी, आणि सिस्टरांच्या हाताला स्टिअरिंग लागेल इतकं जवळ.

मी म्हणालो, "सिस्टर, बाजूला तरी घ्या. दोन हात तर जायचं आहे."

"न्हाय."

"अहो, सगळे खोळंबलेत."

"बोलले ना, न्हाय."

दोन्ही हात त्यांनी मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. एसटीचा कंडक्टर खाली उतरून आला, तो माझ्या हाताखाली शिकलेला. मी त्याला खुणेने थांब म्हटलं. माझ्या सगळ्या नोकरीत मी कोणाला इतकं स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही, आणि इतकं कठीण जाताना पाहिलं नाही. शेवटी सुरेखा वळली. परत आली, दारात उभी राहिली.

"आता वरडनार न्हाय ना?"

"वरडनार," सिस्टर म्हणाल्या. "पन हळू."

सुरेखा बसली. गाडी चढाला लागली.

शिमग्याला निलेश आला तेव्हा सुरेखाने त्याला म्हसळ्याला नेलं आणि आणलं. तो मागे बसला होता. उतरल्यावर त्याने गाडीच्या टपावर थाप मारली आणि आईला एवढंच विचारलं, पायाचं औषध वेळेवर घेतेस ना. खारघरचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. उलट एकदा येऊन मागची जाळी स्वतः साफ करून गेला.

सिस्टर खारघरला गेल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी जेवून पडवीत कलंडल्या त्या कलंडल्याच. त्याच सकाळी चार जणांच्या जिभा बघितल्या होत्या म्हणे. मी तेव्हा पुण्याला मुलीकडे होतो, मालतीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पुलावर पाणी, रस्ता बंद, शेवटचं दर्शन झालं नाही. गाडी अजून आहे. सुरेखा चालवते, आणि मुनाफ दर वर्षी म्हणतो की पुढच्या वर्षाचं सांगत नाही.

दर्शन हुकल्यामुळे सिस्टरांची शेवटची आठवण माझ्याकडे आहे ती आम्ही पुण्याला निघालो त्या दिवसाची. बोर्लीच्या स्टँडवर आम्हाला सोडायला त्या आल्या होत्या. मालतीला आधी चढवलं, तिच्या मागून एका म्हाताऱ्याला, आणि मग मला. मी खिडकीशी बसलो. खाली आमच्या बसला लागूनच गाडी उभी होती. सुरेखा ती मागे घेत होती, आणि एसटीत बसलेल्या माणसाला खालच्या गाडीतलं सगळं दिसतं. सिस्टर डाव्या सीटवर बसल्या होत्या. तोंड बंद, नजर समोर. इतक्यात एक शेळी आडवी आली. सुरेखाने ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी थांबली, शेळी निघून गेली. सिस्टर ओरडल्या नाहीत. पण त्यांचा उजवा पाय, त्या कॅनव्हासच्या बुटासकट, समोरच्या पत्र्यावर सगळ्या जोरानिशी दाबलेला होता. आमच्या कंडक्टरने डबल बेल दिली, बस हलली, तरी तो उचललेला नव्हता.